जो पटर्नो: पुतळा परत बसवावा का?

स्टेटकॉलेजकर
अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात फुटबॉलचा सीझन आला की हा वाद उकरला जातोच. (लंबगोल चेंडूवाला फुटबॉल, मेस्सीवाला नव्हे.) जो पटर्नो १९६६ ते २०११ पेन स्टेट विद्यापीठाच्या संघाचे मुख्य कोच. ४०९ विजय, १९८२ आणि १९८६ची राष्ट्रीय विजेतेपदं. जाड भिंगांचा चष्मा, वर दुमडलेली पँट, काळे बूट. जर्सीवर खेळाडूचं नाव नाही, संघापेक्षा कुणी मोठा नाही म्हणून. आणि पोरांनी डिग्री पुरी केलीच पाहिजे, हा हट्ट.

२०११मध्ये त्यांचे जुने सहायक जेरी सँडस्की मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपाखाली पकडले गेले. पटर्नोंना विद्यापीठाने फोनवरून काढलं. दोन-अडीच महिन्यांत ते कर्करोगाने गेले. जुलै २०१२मध्ये स्टेडियमबाहेरचा पुतळाही हलवला. २००१मध्ये एका तरुण सहायकाने सँडस्कीचा शॉवरमध्ये एका मुलासोबत पाहिलेला प्रकार पटर्नोंना सांगितला, तो त्यांनी वरिष्ठांच्या कानावर घातला. त्यांच्यावर खटला कधीच झाला नाही. मग सेहेचाळीस सीझनचं काम एका प्रकरणापायी पुसायचं? माझं मत: पुतळा परत बसवा.

मंजिरी_उसगाव
"एक प्रकरण"? सँडस्कीवर ४५ आरोप सिद्ध झालेत हो!

आणि "वरिष्ठांच्या कानावर घातलं" हे तर मला मुळीच पटत नाही. संघ सारखा हरायला लागला तेव्हा, २००४मध्ये, विद्यापीठाचे अध्यक्ष आणि क्रीडा संचालक पटर्नोंच्या घरी गेले होते. आता निवृत्त व्हा, असं सुचवायला. यांनी साफ नकार दिला आणि पुढे सात वर्षं कोच राहिले. या क्रीडा संचालकांनाच २००१मध्ये "कळवलं" होतं बरं का. म्हणजे स्वतःची खुर्ची वाचवायची तर वरिष्ठांना दारातून परत पाठवायचं, आणि लेकरांचा प्रश्न आला की वरिष्ठ बघून घेतील? पोलिसांना एक फोन केला असता तर त्या गावात कुणाची हिंमत होती दुर्लक्ष करायची?

नाना_फडतरे
मंजिरीताई, निवृत्ती नाकारणं आणि गुन्हा दडपणं यांची गल्लत करू नका. दडपल्याचा ठपका विद्यापीठानेच नेमलेल्या चौकशीत ठेवला गेला. पटर्नो तोवर वारले होते, बाजू मांडायला कोण येणार? कुटुंबाने तो अहवाल खोडून काढणारा स्वतःचा अहवाल दिलाय. कॉलेज खेळांच्या संघटनेने १९९८पासूनचे त्यांचे १११ विजय रद्द केले होते, ते २०१५मध्ये परत दिले. का दिले?

मंजिरी_उसगाव
दंडाच्या ६ कोटी डॉलरवरून कोर्टकज्जा झाला, त्याच्या तडजोडीत दिले. क्लीन चिट नव्हती ती. आणि "मी आणखी काही करायला हवं होतं" असं खुद्द पटर्नोच बोलून गेलेत. त्यांच्यापेक्षा त्यांच्या भक्तांनाच जास्त खात्री!

टवाळ_पुणेकर
पुतळा गोदामात गेला, पण विद्यापीठाच्या क्रीमरीत "पीची पटर्नो" आइस्क्रीम चालूच राहिलं. तत्त्वं एकीकडे, पीच एकीकडे. चालू द्या.

वाचनवेडा
टवाळराव, हसू आलं, पण मुद्दा तिथेच आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा एक भाग अजून पटर्नोंच्या नावाने आहे. स्वतः पैसे दिले आणि इतरांकडून जमवलेही. फुटबॉल कोचने पुस्तकांसाठी झोळी फिरवणं तिकडे काय, कुठेही दुर्मीळच. ते नाव राहू द्या. पुतळ्याची गोष्ट वेगळी. बोट वर करून धावणारे कोच, मागे खेळाडू: हा नुसता जयजयकार आहे. आपल्याकडे तालमीत वस्तादांना उलट विचारायची सोय नसते, तसंच त्या गावात झालं होतं. पटर्नोंना काढलं त्या रात्री विद्यार्थी रस्त्यावर उतरले, वृत्तवाहिनीची गाडी उलटवली. मुलांसाठी नव्हे, कोचसाठी!

स्टेटकॉलेजकर
गाडी उलटवणारे पोरटे होते, त्यांचं खापर पटर्नोंवर नको. त्यांच्या हाताखाली शिकून डिग्री घेतलेली शेकडो माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्या आठवणीचं काय करायचं?

मंजिरी_उसगाव
ज्यांच्यावर अत्याचार झाले तेही आता मोठे झालेत. त्यांनी मॅचला जायचं ठरवलं तर गेटवर हा पुतळा बघायचा का? आधी त्यांना विचारा, मग धागा काढा.