मारुतीच्या घोट्याला पाणी, बातमीत मात्र छातीला

गोदाकाठचा:
परवा सकाळी सहाला पुण्याहून आत्याचा फोन. "अरे, भांडीबाजारात पाणी शिरलंय म्हणे, घराबाहेर पडू नका!" एका बातम्यांच्या पोर्टलवर व्हिडिओ होता, खाली 'सोशल मीडियावर व्हायरल'. गाडी काढून घाटावर गेलो. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या जेमतेम घोट्याला पाणी. (बाहेरच्यांसाठी: आम्ही नाशिककर पूर क्युसेकमध्ये मोजत नाही, या मारुतीच्या अंगावर मोजतो. घोटा, गुडघा, कंबर, छाती.) व्हिडिओत मागे ज्या दुकानाची पाटी दिसते, ते बंद होऊन तीन वर्षं झाली. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर असावा.
मोबाइलवर येते ती खबर, बातमी नव्हे. बातमीदाराने घाटावर जावं, नाहीतर गंगापूर धरणातून किती विसर्ग चालू आहे ते फोन करून विचारावं. 'व्हायरल' लिहिलं की हात झटकले, असं कसं चालेल?

रात्रपाळी:
बातम्यांच्या डेस्कवर अकरा वर्षं काढली म्हणून लिहितो. पहाटे डेस्कवर एकच माणूस असतो. बातमीदाराकडे महापालिका, पोलीस, शिक्षण अशी तीन-तीन बीट्स. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे मिळतात ते पैसे पेट्रोललाही पुरत नाहीत. दुसऱ्या पोर्टलने व्हिडिओ टाकला की मालकाचा फोन येतो, "आपल्याकडे का नाही?" घाटावर जा म्हणणं सोपं आहे. कोण जाणार, तेवढं सांगा.

गोदाकाठचा:
जायला माणूस नव्हता, मान्य. पण फोन? त्याला पेट्रोल लागत नाही.

सातपूरची:
मला हा सगळा राग जरा वरच्या आळीतला वाटतो. आमच्या गल्लीत आठ दिवस ड्रेनेज तुंबलं होतं. दोनदा प्रेसनोट दिली, कुणी फिरकलं नाही. व्हिडिओ टाकला, दुसऱ्या दिवशी बातमी. २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा. ६ मार्चला नाशिकहून निघाला, १२ ला मुंबईत. सुमारे १८० किलोमीटर. सोललेल्या तळपायांचे फोटो सोशल मीडियावर फिरले, तेव्हा कुठे शहरातल्या लोकांना कळलं की ही माणसं चालत येताहेत.

गोदाकाठचा:
त्यातले काही फोटो मोर्च्याबरोबर चालणाऱ्या पत्रकारांनीच काढले होते, ताई. म्हणजे कुणीतरी गेलंच होतं.

सातपूरची:
गेले असतील. पण आमच्या गल्लीत तर कुणी येत नाही ना! तिथली पत्रकार मीच.

मालेगाव_कॅम्प:
१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच सुमारास आमच्या मालेगावातही एका कुटुंबाला जमावाने घेरलं, पोलीस मध्ये पडले म्हणून वाचले. तेव्हा घराघरात लोक फोन हातात धरून बसलेले मी पाहिलेत. असल्या मेसेजला कुणी 'व्हायरल' म्हणून छापलं तर त्या मेसेजवर खरेपणाचा शिक्काच बसतो.

रात्रपाळी:
मी उलट म्हणेन. ते मेसेज आधी कित्येक दिवस फिरत होते. कुणी ते गंभीरपणे घेऊन, पोलिसांना विचारून "असं काही नाही" ही बातमी ठळक दिली असती तर? मोबाइलकडे बघूच नका हेही चुकीचंच. अर्थात बघूनही अक्कल लागते. २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, असं टीव्हीवर सांगितलं गेलं होतं. तिथे तर माणसं भरपूर होती!

उन्हाळ कांदा:
तुमचा पूर वर्षातून एकदा, आमचा पूर रोज. लासलगावला कांद्याचा लिलाव चालू असतानाच ग्रुपवर पावतीचा फोटो येतो, पेपर दुसऱ्या दिवशी. त्यामुळे सोशल मीडिया वाईट असं मी म्हणणार नाही.
पण गंमत बघा. फोटो कोण टाकतो? ज्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त भाव मिळाला तो. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, घेऊन गेलेला कशाला टाकेल? त्या एका ट्रॅक्टरचा भाव उचलून हेडिंग होतं, 'कांद्याची उसळी'. बाजार समितीत किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव निघतात. पावती खरी असते, शिक्का खरा असतो, आणि बातमी तरी खोटी. हेडिंग वाचून गावातले चार जण गाडी भरून निघतात, संध्याकाळी भाड्याचे पैसे खिशातून देऊन परत येतात. शहरात ओरड होते ती वेगळीच, शेतकरी मालामाल झाला म्हणून.

गोदाकाठचा:
हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या व्हिडिओत निदान दुकानाची पाटी तरी होती. पावती खरी असेल तर पकडायचं कसं?

उन्हाळ कांदा:
पकडायचं काय त्यात. समितीत फोन करून सरासरी विचारायची.

रात्रपाळी:
बरं बाबा, फोन. हरलो.

सातपूरची:
हरला नाहीत, आमचं ड्रेनेज अजून अधूनमधून तुंबतंच. नंबर देऊ?

उन्हाळ कांदा:
ते होईल हो. आज उमराण्याच्या बाजारात कांद्याला भाव काय निघाला, कुणाला माहितीये का? सरासरी सांगा.