मदत हवी आहे: शिकागोत सोयाबीन वाढलं, इथे भाव हलेना. आठवड्याचा तक्ता कसा वाचायचा?

शिवारवाट:
नमस्कार मंडळी. दर आठवड्याला अमेरिकेतल्या शिकागो वायदे बाजारातले सोयाबीन, मका, गहू आणि सोबत डॉलरचा दर असे आकडे उतरवून ठेवतो. या शुक्रवारी सोयाबीन वायदा (पुढच्या महिन्यातल्या मालाचा आज ठरलेला भाव) 1040 वरून 1061 वर बंद झाला, म्हणजे दोन टक्के तेजी. त्याच आठवड्यात आपल्या चलनात डॉलर दोन टक्के उतरला. हजर बाजारातला भाव मात्र जिथल्या तिथे. व्यापारी म्हणतात, "शिकागोचं काय घेऊन बसलात?" मग हे आकडे बघायचे की नाही? डॉलर निर्देशांकही (इतर मोठ्या चलनांपुढे डॉलर किती मजबूत ते दाखवणारा आकडा) बघावा का? माल ठेवायचा की काढायचा हे यावर ठरवता येतं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

मोजूनमापून:
आकडे जरूर बघा, पण आधी एकक जुळवा. शिकागोत धान्य बुशेल या अमेरिकी मापात मोजतात. सोयाबीनचा बुशेल 60 पौंडांचा, म्हणजे टनात 36.74 बुशेल. गव्हालाही तेच. मक्याचा बुशेल 56 पौंडांचा, टनात 39.37. मक्याला चुकून सोयाबीनचा गुणक लावला तर भाव जवळपास सात टक्के कमी निघतो, आणि ही चूक सर्रास होते. दुसरं, भाव बुशेलला सेंटमध्ये असतो आणि 1061'4 असं दिसलं तर तो चार दशांश नव्हे, चार अष्टमांश आहे: 1061.5 सेंट.

आता तुमचेच आकडे घ्या. सोपं जावं म्हणून डॉलर 100 वरून 98 वर आला असं धरू.
मागचा आठवडा: 10.40 × 36.74 × 100 = टनाला 38,210
हा आठवडा: 10.61 × 36.74 × 98 = टनाला 38,202
क्विंटलला एकाचाही फरक नाही! तेजी झाली ती डॉलरमध्ये, आपल्या चलनात काहीच घडलं नाही. त्यामुळे वहीत टक्केवारी लिहू नका, हा रूपांतरित भाव लिहा.

त्याशेजारी अजून एक रकाना हवा: इथला भाव वजा रूपांतरित भाव. यालाच बेसिस म्हणतात. वाहतूक, शुल्क, आवक, गिरण्यांची गरज हे सगळं त्यात उतरतं. बेसिस किती बदलू शकतो याचं ठळक उदाहरण 2018 चं. 6 जुलैला चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा शुल्क लावलं. शिकागो कोसळलं, पण चिनी खरेदी ब्राझीलकडे वळली आणि तिथल्या बंदरांवरचा प्रीमियम, म्हणजे शिकागोच्या वर मिळणारा जादा भाव, चढत गेला. नुसतं शिकागो बघणाऱ्याला ब्राझीलच्या शेतकऱ्याची परिस्थिती कळलीच नसती.

आणि तुलना करताना वायद्याचा महिना तोच ठेवा. जुलैचा वायदा जुन्या पिकाचा, नोव्हेंबरचा नव्या पिकाचा. तुटवड्याच्या वर्षी दोघांत बुशेलला एका डॉलरहून जास्त अंतर पडतं. वेगवेगळ्या महिन्यांचे वायदे जोडून केलेल्या सलग तक्त्यात एक वायदा संपून पुढचा लागला की मोठी उडी दिसते, प्रत्यक्षात त्या दिवशी बाजारात काहीच झालेलं नसतं.

डॉलर निर्देशांक सोयाबीनसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यात सहा चलनं, त्यातला 57.6 टक्के भार एकट्या युरोचा. ब्राझीलचा रिआल त्यात नाहीच. तुम्ही दोनच दर बघा: आपलं चलन आणि रिआल. रिआल घसरला की ब्राझीलच्या शेतकऱ्याला तेवढ्याच डॉलरचे जास्त रिआल मिळतात, तो माल मोकळा करतो आणि डॉलरमधला भाव दबतो. अर्जेंटिनात सप्टेंबर 2022 मध्ये तर सरकारनेच सोया निर्यातीसाठी डॉलरला 200 पेसोचा खास दर दिला, अधिकृत दर तेव्हा 140 च्या आसपास होता. दाबून ठेवलेला माल त्या महिन्यात धो धो बाहेर आला.

पेंडबाजार:
वर बरोबर लिहिलंय, पण सोयाबीन आख्खं बघून पुरत नाही. गिरणी दाणा घेते आणि विकते पेंड नि तेल. 60 पौंडांच्या बुशेलातून साधारण 44 पौंड पेंड आणि 11 पौंड तेल निघतं. सूत्र:
(पेंडीचा भाव × 0.022) + (तेलाचा भाव सेंटमध्ये × 0.11) − सोयाबीन डॉलरमध्ये = गाळपाचं मार्जिन.
पेंड टनाला 300 डॉलर आणि तेल पौंडाला 50 सेंट धरलं तर 6.60 + 5.50 = 12.10. त्यातून 10.61 गेले, उरले 1.49 डॉलर. मार्जिन रुंद असेल तर गिरण्या जोरात खरेदी करतात, आटलं की हात आखडतात. इथला भाव शिकागोआधी हलतो तो बऱ्याचदा यामुळेच.

पेंडीचा भाव शॉर्ट टनाचा, म्हणजे 907 किलोचा असतो. 300 म्हणजे मेट्रिक टनाला सुमारे 331.

जैवइंधनाच्या मागणीने तेल तापलं की गाळप वाढतं आणि पेंडीचा ढीग लागतो. अशा वेळी तेलाच्या बातम्या तेजीच्या, तरी पेंडीच्या निर्यातीवर चालणाऱ्या बाजारात दाण्याला उठाव नसतो. आपला बाजार पेंडीवर चालतो की तेलावर, हे आधी ओळखा.

शिवारवाट:
हे कोडं होतं, आता उलगडलं. अमेरिकेचे अहवाल कोणते बघू? आणि रूपांतरित भाव वाढला, पण बेसिस तेवढाच घसरला तर?

मोजूनमापून:
तर वायद्यातली तेजी मालापर्यंत पोचलेली नाही. अमेरिकी कृषी खात्याचा गुरुवारचा निर्यात विक्री अहवाल बघा. त्यात नवी विक्री दिसली आणि रद्द झालेले सौदे कमी असले, तर तेजीला आधार आहे. शुक्रवारी फंडांच्या पोझिशन, म्हणजे त्यांचे उभे खरेदी-विक्रीचे सौदे, वेगळ्या अहवालात येतात, पण त्या मंगळवारच्या असतात. फंड मोठ्या विक्रीत अडकलेले असले तर किरकोळ बातमीवरही शॉर्ट कव्हरिंगने (आधी विकलेले वायदे घाईने परत घेतल्याने) भाव उसळतो आणि काही दिवसांत विरतो. एप्रिल ते नोव्हेंबर सोमवारी पीकस्थिती येते, हंगामात तिला वजन जास्त. महिन्याचा मागणी-पुरवठा अहवाल असलेल्या आठवड्यात मात्र आदल्या दिवशी घाईने निर्णय नको.

विक्रीचं म्हणाल तर बेसिस नेहमीपेक्षा मजबूत असेल तेव्हा थोडा माल काढा, वायदा कमी असला तरी. दोन्ही कमकुवत असतील आणि साठवणूक व व्याजाचा खर्च परवडत असेल तरच थांबा.

पेंडबाजार:
एक राहिलं. दोन आठवड्यांचे भाव ताडताना ओलावा सारखा धरा. 14 टक्के ओलाव्याचा क्विंटल 10 टक्क्यांवर वाळवला की 95.6 किलो भरतो (86 ÷ 90). जवळपास साडेचार टक्के वजन तिथेच गेलं, आणि वहीत ते मंदी म्हणून नोंदलं जातं.