पोहणाऱ्या मुलींना आठवड्यातून एक तास खोल पाणी मिळालं पाहिजे

पाणकावळा_पुणे

माझी मुलगी अकरा वर्षांची. चार वर्षं पहाटे साडेपाचच्या बॅचला जाते. मागच्या महिन्यात तिच्या तीन मैत्रिणींनी पोहणं सोडलं. पाणी तिघींनाही आवडायचं, पण दर स्पर्धेत सातव्या-आठव्या येऊन त्यांचा हिरमोड झाला. फ्रीस्टाइलचं टायमिंग कमी होईना की आपल्याकडे मुलाची पोहण्याची वाटच संपते.

आर्टिस्टिक स्विमिंग, म्हणजे 2017 पर्यंत ज्याला सिंक्रोनाइज्ड म्हणायचे, ते 1984 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. संगीताच्या तालावर, तळाला पाय न लावता, सगळ्यांनी मिळून करायचा खेळ. मल्लखांब आणि भरतनाट्यम दोन्ही ज्या गावात शिकवतात, तिथे हा रुजायला काय हरकत आहे? माझं मागणं एवढंच: प्रत्येक मोठ्या तलावाने आठवड्यातून एक तास खोल भाग या मुलींसाठी राखून ठेवावा.

आबा_सोलापूर

ताई, तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. बावीस वर्षं मी पोहायला शिकवतोय. उन्हाळ्यात माझ्याकडे एका बॅचला साठ पोरं असतात आणि तेवढीच परत पाठवावी लागतात. दर मे महिन्यात विहिरीत, धरणात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. खोल भागात एक तास म्हणजे ज्यांना पोहता येतं त्यांच्यासाठी आणखी एक सोय. आधी ज्यांना येत नाही त्यांना पाण्यात उतरवा.

शलाका

आबा, मी शाळेत असताना सहा वर्षं हा खेळ खेळले, म्हणून लिहिते. पहिले चार महिने आम्हाला एकही 'नाचाची' गोष्ट शिकवली नव्हती. फक्त स्कलिंग. उताणं पडायचं, हात मांडीशी आणि तळवे किंचित तिरके करून आत-बाहेर, आत-बाहेर. तळव्याचा कोन चुकला की कंबर खाली जायची. मग एगबीटर: खुर्चीत बसल्यासारखं बसून दोन्ही पाय आळीपाळीने उलट-सुलट फिरवायचे आणि हात डोक्यावर. मॅडम पाण्याची भरलेली बाटली हातात देऊन एक मिनिट थांबवायच्या. मला वाटायचं, मांड्या फाटणार.

पाण्याखालचे स्पीकर आमच्याकडे नव्हते. मॅडम स्टीलच्या शिडीवर लोखंडी गजाने ताल द्यायच्या, टण्, टण्, टण्. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो. डोकं खाली, पाय वर असतानाही तो ठोका कवटीत ऐकू यायचा. आठही जणींचे गुडघे त्याच ठोक्याला वाकायचे.

सांगायचं हे, की खोल पाण्यात हात न वापरता तासभर टिकणारी मुलगी बुडत्या माणसाजवळ जाऊन घाबरणार नाही. वॉटर पोलोचा गोलकीपरही याच एगबीटरवर उभा असतो, आणि वॉटर पोलो तर आपल्या राज्यात जोरात आहे. तुमच्या शिकवणीच्या आड हे येत नाही, आबा. पुढची इयत्ता म्हणा.

डॉ_निखिल

एक काळजीची गोष्ट. 2022 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची अनिता अल्वारेझ सोलो, म्हणजे एकटीने करायचा प्रकार, संपताच बेशुद्ध होऊन तळाकडे गेली. प्रशिक्षक आंद्रेआ फुएन्तेस यांनी कपड्यांसकट उडी मारून तिला वर आणलं. ती जागतिक दर्जाची खेळाडू, शेजारी जाणकार प्रशिक्षक. आपल्याकडे दहा वर्षांच्या मुली हौसेने श्वास रोखायच्या पैजा लावतील. खाली जाण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वासाची ओढ उशिरा जाणवते आणि मूल काही कळायच्या आत शुद्ध हरपतं. शिकवणारा तयार नसेल तर हा तास मी माझ्या मुलीला देणार नाही.

शलाका

डॉक्टर, हे शंभर टक्के मान्य. आमच्याकडे दोन नियम होते: पाण्याखाली एकटीने जायचं नाही आणि भराभर श्वास घ्यायचे नाहीत. मोडला की आठवडाभर काठावर बसायचं. मी दोनदा बसले.

विलास_ठाणे

पुढे काय, हा प्रश्न आहे. राष्ट्रकुल स्पर्धेत हा खेळ 2010 ला दिल्लीत होता, त्यानंतर काढला. शाळेत खेळाडूला वाढीव गुण कुठल्या खेळाचे, कुठल्या स्पर्धेचे, हे पालक आधी विचारतात. माझा मुलगा तर विचारतो की मुलांना प्रवेश आहे का. पॅरिस 2024 ला संघात दोन पुरुष चालणार होते, पण एकही उतरला नाही. मुलगा कुणाकडे बघून शिकेल?

पाणकावळा_पुणे

विलासदादा, मुलग्यांनाही घ्या, माझी तर इच्छाच आहे. 2015 पासून जागतिक स्पर्धेत मिश्र जोडी आहे. वाढीव गुणांसाठी मी मुलीला पाण्यात घातलं नाही, पण सगळ्यांना असं म्हणणं परवडत नाही हेही खरं.

आबा, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात होतं. मे महिना शिकणाऱ्यांचा, तो मी मागणार नाही. जुलै ते फेब्रुवारी आमच्या तलावाचा खोल भाग दुपारी दोन ते चार रिकामाच असतो. डायव्हिंग बोर्ड काढल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही. शनिवारी दुपारच्या एका तासासाठी मी व्यवस्थापकांना अर्ज देतेय. काठावर जीवरक्षक, बॅचमध्ये फक्त आठ मुलं, आणि डॉक्टरांचे दोन्ही मुद्दे अर्जात लिहिलेत. शलाका, पहिले चार शनिवार स्कलिंग दाखवायला याल का? शिडी स्टीलची आहे. गज मी आणते.

आबा_सोलापूर

पावसाळ्यात तास ठेवणार असाल तर माझा विरोध नाही. पण त्या आठांत दोन पोरं अशी घ्या ज्यांना वर्षाची फी परवडत नाही.

शलाका

येते. पहिल्या शनिवारी नोज क्लिप सगळ्यांना लागतील, आठ नाही, दहा आणा. दोन हमखास तळाशी जातात.