पहिली रायफल एकाच गोळीची घ्यावी का? आणि तीही .४५-७० मध्ये?

मेघमल्हार (कोलंबस, ओहायो)

ओहायोत हरणांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. इथल्या मराठी मंडळींपैकी काहींनी यंदा पहिल्यांदाच शिकारीचं शिक्षण पूर्ण करून परवाना काढला आहे. कोणती रायफल घेऊ असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं: बिजागरीवर मोडणारी (म्हणजे नळी खाली झुकवून उघडणारी), एका वेळी एकच काडतूस घेणारी, .४५-७० या जुन्या, जाड काडतुसाची. आमच्या व्हॉट्सॲप गटावर यावरून बरीच वादावादी झाली. तिथे तुकड्यातुकड्यांत बोलणं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी कायदा. ओहायोत अनेक दशकं हरणांसाठी लांब बंदुकांपैकी शॉटगन किंवा ठासणीचीच बंदूक चालायची. २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली. म्हणजे .३०८, .२४३ किंवा .३०-०६ अशी मानेशी निमुळती होणारी काडतुसं इथे अजूनही चालत नाहीत. .३५७ ते .५० इंच व्यासाची सरळ काडतुसं चालतात आणि बंदुकीत एकूण तीनच भरता येतात. या चौकटीत .४५-७० चपखल बसतं. अमेरिकन सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेलं हे काडतूस आजही कारखान्यांतून नव्याने निघतं आणि शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत हरणाला त्यापेक्षा जास्त कशाचीच गरज नाही. गोळी जड आणि मंद असल्याने मांसही कमी नासतं. वेगवान शिशाची गोळी आत फुटून बारीक कण पसरवते. हे मांस मी घरी मुलांना खाऊ घालतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता एकच गोळी का? बंदूक मोडली की नळी आरपार दिसते. भरलेली आहे की नाही हे शेजारी उभ्या माणसालाही कळतं. कुंपण ओलांडताना, झाडावरच्या मचाणावर चढताना ती उघडी आणि रिकामी ठेवता येते. बाहेरचा घोडा अंगठ्याने चढवल्याशिवाय ती उडत नाही. आणि हाताशी एकच काडतूस आहे हे माहीत असलं की माणूस पानांआडच्या हालचालीवर चाप ओढत नाही. हरीण आडवं येईपर्यंत थांबतो.

किमतीचंही बोलतो. एच अँड आर कंपनीची हँडी-रायफल अडीचशे-तीनशे डॉलरला मिळायची. तिचं उत्पादन २०१५ मध्ये बंद झालं, पण जुन्या बाजारात ती अजून सापडते. नवीन हवी असेल तर सीव्हीएची स्काउट आहे, हेन्रीची एकगोळी रायफल आहे. ज्याला वर्षातून एक हरीण घरी आणायचं आहे त्याने हजार-बाराशे डॉलर कशाला घालवायचे?

खडकवासला (पिट्सबर्ग)

तुमच्या आधीच्या लेखांचा मी चाहता आहे, पण हा सल्ला नवख्यांसाठी घातक आहे असं मला मनापासून वाटतं.

पहिला मुद्दा धक्क्याचा. हँडी-रायफल साधारण सात पाउंडांची. तिच्यातून ३२५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला दोन हजार फुटांच्या वेगाने सोडली, तर खांद्यावर येणारा धक्का ३५ फूट-पाउंडांच्या (धक्क्याच्या ऊर्जेचं माप) आसपास जातो. आठ पाउंडांच्या .३०-०६ चा धक्का वीसच्या घरात असतो, आणि तोच पुष्कळ लोकांना जड वाटतो. नवीन माणूस ही बंदूक रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, नेतो, बाकावर वाकून बसतो आणि पहिल्या काही गोळ्यांतच त्याचं शरीर शिकतं की चाप ओढला की मार बसतो. मग चाप ओढायच्या आधी डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, नळी खाली जाते. ही खोड एकदा लागली की काढायला कधी कधी वर्षं जातात. स्वस्त बंदूक हलकी असते आणि हलक्या बंदुकीत मोठं काडतूस म्हणजे जास्त मार. स्वस्त आणि ताकदवान या दोन गोष्टी एकत्र आल्या की हा प्रश्न येणारच.

दुसरा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा. जखमी जनावराचं काय? पहिली गोळी मागे, पोटात लागली तर दुसरी लगेच मारणं हे शिकाऱ्याचं कर्तव्य आहे. बोल्ट रायफलीत, म्हणजे दांडी मागे ओढून पुढचं काडतूस भरणाऱ्या रायफलीत, बोल्ट ओढायला दीड-दोन सेकंद लागतात. थंडीत हातमोजे घालून बंदूक मोडायची, उडालेल्या काडतुसाचं रिकामं टरफल काढायचं, खिशातून नवीन काडतूस काढून भरायचं, बंद करायची, घोडा चढवायचा, पुन्हा नेम धरायचा. तोवर ते हरीण झाडीत जातं आणि रात्रभर तडफडतं. "एकाच गोळीने संयम येतो" हे तुम्ही तुमच्यापुरतं म्हणता, ते मला मान्य आहे. नवख्याकडे तो संयम अजून आलेला नसतो, आणि त्याच्या चुकीची किंमत जनावर मोजतं.

तिसरं, पैशांचं गणित आता तसं राहिलेलं नाही. सॅव्हेज ॲक्सिस किंवा रुगर अमेरिकन या बोल्ट रायफली हेन्रीच्या एकगोळीच्या आसपासच्या किमतीत, कधी कधी त्याहून कमीत मिळतात. .४५-७० चं एक काडतूस दोन-तीन डॉलरला पडतं. सरावाला पैसे पुरत नाहीत म्हणून लोक सराव करत नाहीत. हंगामाआधी चार गोळ्या झाडून सरळ जंगलात जातात.

सायली_एन

खडकवासला यांच्या पहिल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. माझी उंची कमी आहे आणि दुकानात मिळणाऱ्या बहुतेक रायफलींचा दस्ता माझ्या हाताला लांब पडतो. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत बसत नाही, तो दंडावर येतो आणि तिथे .४५-७० चा मार बसला तर आठवडाभर काळं-निळं पडतं. दुकानदार मात्र बायकांना आणि मुलांना हटकून एकगोळी रायफलच दाखवतात, "साधी आहे, सुरक्षित आहे" म्हणून. साधेपणा खरा आहे. मग ती हलक्या काडतुसात द्या ना! एकगोळी .४४ मॅग्नमसुद्धा ओहायोत कायदेशीर आहे आणि अंगावर कितीतरी सौम्य येते. माझ्या मुलीला मी .२२ वर शिकवलं, आणि ती बंदूक एकगोळीचीच होती.

मेघमल्हार

खडकवासला, सायलीताई, दोघांना एकत्र उत्तर देतो.

तुम्ही ज्या ३२५ ग्रेनच्या जोरदार काडतुसाचा हिशेब मांडलात, ते घ्यायची नवख्याला गरजच नाही. जुन्या पद्धतीचं ४०५ ग्रेनचं काडतूस सेकंदाला तेराशे-साडेतेराशे फुटांनी जातं. त्याच बंदुकीत धक्का २४-२५ फूट-पाउंडांवर येतो. हे काडतूस हरणासाठी भरपूर आहे. आज .४५-७० च्या पेट्या अगदी वेगवेगळ्या दाबाच्या मिळतात, कारण सैन्याच्या १८७३ च्या ट्रॅपडोअर नावाच्या जुन्या रायफलीही लोक अजून वापरतात आणि त्यांना जास्त दाब सोसत नाही. पेटीवरचा मजकूर वाचून घ्यायचं हे मी प्रत्येकाला बजावतो. पाऊण पाउंडाचं वजन दस्त्यात भरलं आणि मागे जाड रबर लावलं की मार आणखी उतरतो. रेंजवर बाकावर बसून झाडू नका, उभ्याने झाडा. शरीर धक्क्यासोबत मागे जातं.

जखमी जनावराचा मुद्दा मी हलका मानत नाही. म्हणूनच मी ऐंशी यार्डांपलीकडे झाडत नाही. दस्त्यावर काडतुसांची पट्टी बांधली की दुसरं काडतूस खिशात शोधावं लागत नाही, आणि सराव असेल तर पाच-सहा सेकंदांत दुसरी गोळी जाते. पोटात लागलेल्या हरणावर घाईने झाडलेली दुसरी गोळी बहुधा पळणाऱ्या जनावराच्या मागच्या पायाला लागते, हेही तितकंच खरं आहे.

निळाघाट (मिनियापोलिस)

एका गोष्टीचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहितो. "एक गोळी म्हणजे संयम" याविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा या देशाच्या इतिहासातच आहे. १८७० च्या दशकात मैदानी प्रदेशातले बायसन ज्यांनी संपवले, त्यांच्या हातात मुख्यतः शार्प्सच्या एकगोळी रायफली होत्या, मोठ्या काडतुसांच्या. दुरून तिवईवर टेकवून कळपातलं एकेक जनावर ते पाडत गेले. कोट्यवधींचे कळप १८८० च्या दशकाअखेर शेकड्यांवर आले. त्या माणसांना एकेक काडतूस भरावं लागत होतं, पण त्याने कोणी थांबलं नाही. संयम बंदुकीच्या रचनेत असतो असं मला वाटत नाही. तो कायद्यात असतो आणि माणसात असतो.

मेघमल्हार

निळाघाट, ते लोक कातडी विकायला गेले होते. पूर्वेकडचे चर्मोद्योग यंत्रांच्या पट्ट्यांसाठी ती कातडी घेत होते. त्यांना दुसऱ्याही दिवशी शंभर हवी होती. मला एकच हवं आहे, आणि परवान्यासोबतचा टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी, एका हरणाचाच असतो. तुलना पटली नाही.

निळाघाट

तेच तर म्हणतो आहे. फरक टॅगचा आहे. बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार रोखणारा १९०० चा लेसी कायदा आला, बाजारासाठीची शिकार बंद झाली, १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या करातून वन्यजीवांसाठी पैसा येऊ लागला, म्हणून आज हरणं भरपूर आहेत. एका गोळीने ती वाचली नाहीत. तुमची बंदूक तुम्हाला आवडते हे कारण पुरेसं आहे. तिला नैतिक गुण चिकटवू नका, एवढंच.

देवगडकर

मी कोकणातून लिहितो आहे. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची एकनळी असते. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निवडणूक झाली की परत आणायची. रानडुक्कर रात्रीत अख्खा भाताचा तुकडा उलटून टाकतो, त्यामुळे बंदुकीची गरज काय असते ते आम्हाला सांगावं लागत नाही. पण वाडीत घरं झाडांत लपलेली असतात. गोळी कुठपर्यंत जाईल हा पहिला प्रश्न. तुमच्या चर्चेत हा प्रश्न कुठेच आला नाही. ४०५ ग्रेनची गोळी चुकली तर ती कुठे थांबते?

खडकवासला

देवगडकर, बरं झालं विचारलंत. ओहायोसारख्या सपाट, शेतीवाडीच्या आणि घरं असलेल्या राज्यांनी सरळ भिंतीच्याच काडतुसांना परवानगी दिली, त्यामागे हा विचार आहेच. .४५-७० ची जुनी गोळी १०० यार्डांवर नेम बसवला तर २०० यार्डांवर सुमारे दोन फूट खाली उतरते. .३०८ ची चार इंचांच्या आसपास. पण उतरते म्हणजे थांबते असं नाही. जड गोळी जमिनीवरून उसळून पुष्कळ दूर जाऊ शकते. मागे माती हवीच, कोणतंही काडतूस असो. मचाणावरून झाडण्याचा खरा फायदा तोच, की गोळी खाली जमिनीत जाते.

मेघमल्हार, एक प्रश्न विचारतो आणि थेट उत्तर हवं आहे. विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलेलं .३५० लेजंड तुमच्या ओहायोत कायदेशीर आहे. हरणाला पुरतं, काडतूस स्वस्त, धक्का तुमच्या सौम्य .४५-७० च्याही निम्म्याहून कमी. मग नवख्याला ते का सांगत नाही?

परदेशीपाहुणा

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण वाचणाऱ्यांत एच-१बी वाले बरेच असतील म्हणून लिहितो. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. मित्राने रेंजवर हातात दिली तरी "बाळगणं" होऊ शकतं, तेव्हा आधी वकिलाला विचारा. इथे चूक झाली तर व्हिसाच धोक्यात येतो.

मेघमल्हार

परदेशीपाहुणा, विषयांतर अजिबात नाही, हे लिहिणं गरजेचंच होतं.

खडकवासला, थेट उत्तर. .३५० लेजंड चांगलं काडतूस आहे आणि सायलीताईंसारख्या कुणाला किंवा मुलांना मी तेच सांगेन, एकगोळी रायफलीत. धडधाकट माणसाला .४५-७० सांगतो याचं कारण जखम. मोठ्या भोकातून दोन्ही बाजूंनी रक्त येतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या ओल्या पाचोळ्यात माग काढणाऱ्या नवख्याला त्या रक्ताशिवाय दुसरा आधार नसतो. तुम्ही जखमी जनावराची काळजी दुसऱ्या गोळीने घेता. मी ती पहिल्या गोळीच्या आकाराने घेतो.

बोल्ट रायफल वाईट आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण उघडून दाखवता येणारी बंदूक घरात असणं, बायकोला आणि मुलांना एका नजरेत "रिकामी आहे" हे कळणं, याची बरोबरी बोल्टने होत नाही. या मुद्द्यावर मी हटणार नाही.

सायली_एन

हे मात्र मान्य. आमच्याकडे कपाटाला कुलूप असतं आणि काडतुसं वेगळ्या खोलीत असतात. तरीही उघडी नळी दिसली की मन शांत राहतं.

खडकवासला

रक्ताच्या मागाचं तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण फुप्फुसांतून गेलेली .३५० ची गोळीसुद्धा दोन भोकं पाडते आणि पोटात लागलेली .४५-७० ची गोळीसुद्धा रक्ताचा फारसा माग सोडत नाही. सगळं गोळी कुठे लागली यावर आहे, आणि ती कुठे लागते हे धक्क्याची भीती असलेल्या माणसाच्या हातात राहत नाही.

तुमच्या नवीन मंडळींना माझा एकच निरोप द्या. .४५-७० आणि .३५० लेजंड अशा दोन्ही बंदुका उसन्या घेऊन रेंजवर जा. उभ्याने, टेकू न घेता, पन्नास यार्डांवर जेवणाच्या ताटलीएवढ्या कागदावर दहा गोळ्या झाडा. दहाव्या गोळीला जी हातात स्थिर राहील ती घ्या. आणि मोडणारी रायफल घेतलीच, तर पुढचा लाकडी हातवा (नळीखालचा, हाताने धरायचा भाग) पिशवीवर नेहमी एकाच जागी टेकवा. हातव्याचा स्क्रू कमी-जास्त आवळला किंवा टेकू बदलला की गोळी सरकते, आणि लोक दुर्बिणीला दोष देत बसतात.

मेघमल्हार

हातव्याबद्दल शंभर टक्के सहमत. त्या स्क्रूखाली एक रबरी कडी बसवली की दाब सारखा राहतो, मी सगळ्या जुन्या हँडी-रायफलींना ती लावतो. दोन्ही बंदुका माझ्याकडे आहेत. ज्यांनी विचारलं होतं त्यांना रविवारी सकाळी रेंजवर बोलावतो. सौम्य ४०५ ग्रेनच्या दोन पेट्या मी आणेन, .३५० ची काडतुसं ज्याची त्याने आणावी. कानाचे आणि डोळ्यांचे संरक्षक विसरू नका.