विषय: टोमॅटोची रोपं आडवी पडली, खत कमी पडलं का?

नमस्कार मंडळी,

या वर्षी पहिल्यांदाच हेअरलूम (म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बी धरून जपलेल्या जुन्या जातींचे) टोमॅटो बियांपासून करतेय. चेरोकी पर्पल विकतचं बी आणि ब्रँडीवाइन गेल्या वर्षी मीच धरलेलं. सहाव्या दिवशी उगवलं, मी खूश! आता तीन आठवडे झालेत तर रोपं नुसती लांबुळकी, खिडकीकडे माना वळवून उभी, आणि काल सकाळी बघते तर चार रोपांचं खोड मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवी पडलेली. पाणी रोज घालतेय हो. खत द्यायचं का? आणि ब्रँडीवाइनची पानं बटाट्यासारखी सलग कडेची असतात ना, मग तीन रोपांना नेहमीच्या टोमॅटोसारखी कातरलेली पानं कशी काय?

---

रि: टोमॅटोची रोपं आडवी पडली

ताई, खताचं नावसुद्धा काढू नका. रोज पाणी घालताय तेच दुखणं आहे. माती सतत ओली, हवा कोंडलेली, की बुरशी मातीलगतचं खोड खाते, यालाच रोपांची मर म्हणतात. आडवी झालेली वाचत नाहीत, त्यांच्याभोवतीच्या मातीसकट काढून टाका. बाकीच्यांना वरून पाणी बंद. ट्रे उथळ पाण्यात ठेवायचा, माती वरपर्यंत ओलसर दिसली की उचलायचा, मग वरचा थर सुकेपर्यंत हात लावायचा नाही. छोटा पंखा मंद लावून ठेवा.

लांबुळकी झाली ती उजेडाअभावी. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला पुरत नाही. साधा एलईडी लाइट रोपांच्या शेंड्यापासून ५ ते ८ सेंमीवर लावा, दिवसाला १४ ते १६ तास, रोपं वाढतील तसा वर सरकवा. पण झालेली उंची वाया नाही जात बरं का, मोठ्या कुंडीत हलवताना खोड वरच्या पानांपर्यंत मातीत गाडून टाका, टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. बाहेर नेताना मात्र आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन दाखवा, एकदम नेलीत तर पानं पांढरी पडतील, माझा अख्खा ट्रे एकदा तसा गेलाय.

---

रि: रि: टोमॅटोची रोपं आडवी पडली

पानांचं मी सांगते. तुमचं बी क्रॉस झालंय. टोमॅटो बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो, पण ब्रँडीवाइनसारख्या बटाटापानी जातीत स्त्रीकेसराचं टोक कधीकधी फुलाबाहेर डोकावतं, मधमाशी शेजारच्या झाडाचा पराग आणून लावते. कातरलेलं पान प्रबळ, म्हणजे क्रॉसमध्ये तेच वर दिसतं, म्हणून क्रॉस झालेलं रोप लहानपणीच चुगली करतं. तुमच्या चेरोकी पर्पलची पानं मुळातच कातरलेली, तिच्यात अशी भेसळ झाली असती तर फळ लागेपर्यंत पत्ता लागला नसता! एखादं ठेवा गंमत म्हणून, फळ चांगलंही निघेल, फक्त त्याचं बी धरू नका, पुढच्या पिढीत प्रत्येक रोप वेगळंच निघतं. यंदा बी धरायचं ते फूल उमलायच्या आधी जाळीच्या पिशवीत बांधा, फळ धरलं की पिशवी काढून देठाला खुणेचा दोरा बांधा. गर दोन-तीन दिवस आंबवून मग धुवा, बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं.

---

रि: रि: रि: टोमॅटोची रोपं आडवी पडली

दोघांचे खूप आभार! घरी चौकशी केल्यावर कळलं की मी सकाळी पाणी घालत होते आणि हे संध्याकाळी, मला न सांगता. आता झारीच माळ्यावर टाकलीय.