मंदीत पब का बुडतात? (लोक प्यायचे थांबत नाहीत, तरीही)

तळघरवाला
मागच्या आठवड्यात एका चर्चेत कोणीतरी ठोकून दिलं, "मंदी असो की तेजी, दारूच्या धंद्याला मरण नाही." ऐकायला बरं वाटतं. मी 2008-09 ची मंदी इंग्लंडात, लीड्सच्या एका पबच्या काउंटरमागे काढली आहे. विद्यार्थी होतो, आठवड्याला वीस तास काम. 2009 च्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये आठवड्याला 52 पब बंद पडत होते, हा पबवाल्यांच्याच संघटनेचा आकडा. दारू कोणी सोडली नव्हती. पबात येणं सोडलं होतं.

आमच्या तळघरात कास्क एल असायची, म्हणजे पिंपातच मुरत राहणारी जिवंत बिअर. छोट्या पिंपात 72 पाइंट (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त मापाचा ग्लास). एकदा तोटी ठोकली की तीन-चार दिवसांत संपवायची, नाहीतर ती आंबटाच्या वाटेला लागते. चांगल्या दिवसांत शनिवारच्या एका रात्रीत पिंप रिकामं व्हायचं. त्या फेब्रुवारीत मंगळवारी उघडलेल्या पिंपात शुक्रवारीही वीस-पंचवीस पाइंट उरायचे. मालक ग्लासात घेऊन वास घ्यायचा, मान हलवायचा, आणि मी बादलीबादलीने मोरीत ओतायचो. कर भरलेली, पैसे मोजलेली बिअर!

शिवाय तळघरातून काउंटरपर्यंत बिअर आणणाऱ्या नळ्या दर आठवड्याला धुवायच्या. नळीत उभी असलेली बिअर दर वेळी वाया. गिऱ्हाइकं शंभर असोत की दहा, नळीची लांबी तेवढीच. तळघर 12 अंशांच्या आसपास ठेवायचं, वर कोणी असो-नसो. म्हणून चौथाई गिऱ्हाईक गेलं की नफा चौथाईने कमी होत नाही, सगळाच जातो.

हिशेबनीस
असहमत. बांधील खर्च कोणत्या धंद्याला नसतो? सलूनवाल्याला भाडं माफ असतं का? आणि त्याच मंदीत, जानेवारी 2009 मध्ये, वेदरस्पून ही पबांची मोठी साखळी, ते 99 पेन्सला पाइंट विकत होते आणि नवे पबही उघडत होते. मंदी दोघांना एकच होती. मग तुमचा मालक बुडाला आणि ते तरले, हे कसं? मंदीच्या नावाने खडे फोडणं सोपं असतं.

तळघरवाला
हिशेबनीस, प्रश्न रास्त आहे. उत्तर करारात आहे. तिकडे पब चालवणाऱ्याला 'लँडलॉर्ड' म्हणतात आणि गंमत म्हणजे बहुतेकदा तो भाडेकरू असतो! 1989 मध्ये सरकारने मोठ्या बिअर कंपन्यांच्या हातातले पब कमी करायचा हुकूम काढला, की मक्तेदारी मोडेल. मोडली नाही. पब गेले नुसते पब बाळगणाऱ्या कंपन्यांकडे. पंच टॅव्हर्न्स, एंटरप्राइझ इन्स यांनी कर्ज काढकाढून हजारो पब घेतले. मंदीत कर्ज डोक्यावर बसलं आणि भार उतरला भाडेकरूवर.

आमचा मालक ज्या कंपनीचा भाडेकरू होता ती वेगळी, नाव घेत नाही. करार असा की भाडंही त्यांना आणि बिअरही त्यांच्याकडूनच, ते म्हणतील त्या भावाने. तीच बिअर बाहेर स्वस्त मिळायची, पण घेता येत नव्हती. नळ्यांवर मीटर बसवले होते, किती बिअर वाहिली ते कंपनीला कळायचं. वेदरस्पूनला असलं जोखड नव्हतं, शिवाय शेकडो पबांसाठी एकत्र घासाघीस. मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूंना या बंधनातून सुटायचा कायदेशीर मार्ग मिळाला 2016 मध्ये. बैल गेला नि झोपा केला.

सिगारेट_सोडलेला
तुम्ही दोघेही मूळ मुद्द्याला बगल देताय. 1 जुलै 2007 ला इंग्लंडात पबच्या आत सिगारेट बंद झाली. मी तेव्हा बर्मिंगहॅमला होतो. रोजचे म्हातारे आधी पावसात दाराबाहेर उभे राहायचे, मग घरीच बसू लागले. मंदी नंतर आली.

तळघरवाला
किती नंतर? नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर ठेवी काढायला रांगा लागल्या त्या सप्टेंबर 2007 मध्ये. अडीच महिन्यांत. दोन्ही घाव एकाच झाडावर पडलेत. धूम्रपानबंदी नसती तर काही पब तरले असते, मान्य. सगळेच तिच्यामुळे गेले हे नाही पटत.

रेडिंगची_काकू
पुरुषमंडळी, घरखर्चाच्या वहीतून बघा की जरा. सुपरमार्केटात डब्यांचा खोका स्वस्त, टीव्हीवर मॅच, आणि टॅक्सीचे पैसे वाचले. पगार अडकले की आधी रविवारचं पबातलं जेवण जातं. सुपरमार्केटला बिअरवर व्हॅटही नाही, पबला 20 टक्के. स्पर्धा कशी करणार?

आपणही काही कमी नाही हं. आम्ही सहा देसी एका लेमोनेडवर तीन तास बसलेलो आहोत.

हिशेबनीस
काकू, एक दुरुस्ती. बिअरवर व्हॅट दोन्हीकडे लागतो. फरक खाण्यात आहे. सुपरमार्केटातल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर शून्य, पबच्या ताटावर पूर्ण. तिथे वाचलेल्या पैशातून त्यांना बिअर पडत्या भावात विकता येते, अशी पबवाल्यांची तक्रार आहे. आणि 20 टक्के 2011 पासून. मंदीत तर 1 डिसेंबर 2008 ला व्हॅट 17.5 वरून 15 वर आणला होता.

तळघरवाला
आणि त्याच वेळी दारूवरचं शुल्क वाढवून ती सवलत खाऊन टाकली, हेही लिहा ना. 2010 ला व्हॅट पुन्हा 17.5 झाला, शुल्क काही खाली आलं नाही. वर 2008 पासून बिअरवरचं शुल्क दरवर्षी महागाईपेक्षा दोन टक्के जास्त वाढवायचं धोरण, 2013 पर्यंत. काकूंच्या व्हॅटच्या तपशिलात चूक असेल, मुद्द्यात नाही.

परमिटवाला
नाशिकरोडला माझं छोटं परमिट रूम आहे. तळघर-बिळघर नाही, पण दुखणं ओळखीचं वाटलं. आमच्याकडे 2023 च्या नोव्हेंबरात टेबलावर दिलेल्या दारूवरचा व्हॅट 5 चा 10 टक्के झाला. वाइन शॉपच्या काउंटरवर तो लागत नाही. गिऱ्हाईक क्वार्टर तिथून घेतं आणि गाडीत बसून पितं, चखणा मात्र माझ्याकडून पार्सल! लायसनची फी गल्ला भरो न भरो द्यावीच लागते. 14 जुलै 2025 ला करवाढीविरुद्ध राज्यभर बार बंद ठेवले, त्यात मीही होतो. त्या दिवशी वाइन शॉपसमोर रांग लागली असेल, दुसरं काय.

हिशेबनीस
करार आणि कर, दोन्ही मान्य. तरी शेवटचा हट्ट सोडत नाही. ब्रिटनमधला बिअरचा खप 1979 च्या सुमारास शिखरावर होता, तेव्हापासून उतरणच आहे. म्हणजे रोगी जुनाच, मंदी हा नुसता ताप.

बाय द वे, ते उरलेले पंचवीस पाइंट परत नाही का पाठवता येत?

तळघरवाला
पिंपातच दोष निघाला तर गोष्ट वेगळी. आपण उघडून विकलं गेलं नाही, तर आपलंच नुकसान. मालकाने शेवटी उपाय काढला. तीन कास्कच्या जागी एकच ठेवली. मोरीत जाणं थांबलं. पण कोपऱ्यातल्या टेबलावर चार निवृत्त खाणकामगार बसायचे, त्यांची नेहमीची बिअर त्या काढलेल्या दोनांपैकी होती. दोन आठवडे त्यांनी कुरकुर करत दुसरी प्यायली. मग तेही येईनासे झाले.