ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा एएसआय डेटा जिल्ह्यासकट मिळतो का?

मानसी_ऐरोली
मी अर्थशास्त्रात पीएचडी करतेय. विषय आहे टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यातल्या, म्हणजे दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार, त्यातही बायका. सकाळी रबाळे स्टेशनवर उतरणाऱ्या कितीतरी जणींच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर कंत्राटदाराचं नाव असतं, कंपनीचं नसतं. हे मला आकड्यांत दाखवायचंय.

एएसआयच्या (वार्षिक उद्योग पाहणी) युनिट लेव्हल, म्हणजे एकेका कारखान्याच्या, फायली सरकारच्या मायक्रोडेटा पोर्टलवरून घेतल्या. 1998-99 पासूनच्या पॅनेल फायलीत प्रत्येक कारखान्याला कायमचा क्रमांक आहे, त्यामुळे तोच कारखाना वर्षानुवर्षं बघता येतो, पण जिल्हा नाही. 2009-10 पर्यंतच्या वार्षिक फायलींत जिल्हा आहे, तर क्रमांक नाही. मला दोन्ही हवंय. गाइड म्हणतात, विद्यापीठाच्या पत्रावर सरळ नाव आणि पिनकोड मागून बघ. असं कोणाला मिळालंय का?

घोडबंदर_डेटा
पिनकोडच्या मागे लागू नकोस. दोन्ही फायली एकमेकींना जोडता येतात. राज्य, उद्योग कोड, विक्री, कामगार, मालमत्ता असे पाच-सहा आकडे जुळवले की बरेच कारखाने एकास एक बसतात. अर्थतज्ज्ञांनी हे केलंय आणि त्यावर पेपरही छापलेत. स्टेटा (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) येत असेल तर फार अवघड नाही.

नौपाडा_निवृत्त
मानसी, मी सांख्यिकी खात्यात फील्डवर होतो. महापे, पावणे, रबाळे इथले एएसआयचे फॉर्म भरून घेण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाव-पत्ता मिळणार नाही, आणि मिळूही नये. मात्र रस्ता अगदीच बंद आहे असं नाही. 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्यात विद्यापीठांना संशोधनासाठी एकेका घटकाची माहिती देण्याची तरतूद आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अटी अशा: नाव-पत्ता काढलेला हवा, प्रकल्पावरच्या प्रत्येकाने फक्त संशोधनासाठी वापरू असं लेखी द्यायचं, आणि माहिती तुमच्याकडे सुरक्षित राहील अशी सरकारची खात्री पटायला हवी. खरी मेख या शेवटच्या अटीत आहे.

हे एवढं कडक का, ते सांगतो. पावण्यातल्या एका केमिकल युनिटमध्ये अकाउंटंट ताळेबंद उघडून पटापट आकडे द्यायचा, पण ब्लॉक जे आला की पेन खाली ठेवायचा. ब्लॉक जे म्हणजे कोणता माल किती बनवला, किती विकला, काय भावाने. म्हणायचा, "साहेब, हा माल या पट्ट्यात आम्ही आणि अजून एक जण, दोघंच करतो. हा कागद त्याच्या हाती लागला तर?" शिवाय एक्साइजवाल्यांची भीती होतीच. मी त्याला शब्द द्यायचो की हे फक्त आकडेवारीसाठी आहे. त्या शब्दावर तो खरा भाव लिहायचा. तो शब्द मोडला, तर पुढच्या वर्षी तिथे जाणाऱ्या पोराला तो खोटा भाव लिहून देईल, आणि मग तू आणि मी दोघंही खोट्या आकड्यांवर शहाणपणा करत बसू.

म्हणून वर सुचवलेल्या जोडणीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. क्रमांक एका फायलीत आणि जिल्हा दुसऱ्या फायलीत हे मुद्दाम केलेलं आहे. ठाणे जिल्हा, पाच आकडी उद्योग कोड आणि वर्ष एवढं धरलं तर काही मालांचे एक-दोनच कारखाने उरतात. ठाण्यात वाढलेल्या माणसाला नाव लिहिलेलं नसलं तरी ते कळतं. जोडणी केलीसच, तर ती फाईल कोणाला पाठवू नकोस आणि एक-दोन कारखान्यांवर उभा असलेला रकाना छापू नकोस.

आणि तुझ्या विषयाचं महत्त्वाचं. मी फॉर्म भरून घ्यायचो तेव्हा ब्लॉक ई मध्ये थेट नेमलेले कामगार स्त्री-पुरुष वेगळे लिहायचे, कंत्राटदारामार्फतचे मात्र सगळे एकाच ओळीत. म्हणजे नाव मिळालं असतं तरी कंत्राटी बायका तिथे सापडल्या नसत्या. बायकांसाठी पीएलएफएस (घरोघरी जाऊन होणारी श्रमशक्ती पाहणी) बघ. त्यात लेखी करार आहे का, पगारी रजा आहे का हे विचारतात, फक्त टीटीसीपर्यंत पोचता येत नाही. जिल्ह्याचंही जपून. तळोजा नवी मुंबईला चिकटून असलं तरी रायगडात मोडतं, आणि पालघर 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला, त्याआधीच्या "ठाण्यात" तारापूरचे कारखानेही आहेत.

सानपाडा_सध्या_लीड्स
काकांशी सहमत, पण मानसीची गरजही खरी आहे. तोच कारखाना आणि त्याचा जिल्हा एकत्र बघितल्याशिवाय तिला कारणं सांगता येणार नाहीत. इथे ब्रिटनमध्ये त्यासाठी सेफ रूमची पद्धत आहे. आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग मान्यता. डेटा आपल्याकडे येतच नाही, आपण दुरून त्यांच्या सर्व्हरवर काम करतो. इंटरनेट नाही, कॉपी-पेस्ट नाही. तक्ता बाहेर न्यायचा तर त्यांचा माणूस तपासतो, लहान रकाने असतील तर परत पाठवतो. चिडचिड होते, पण रात्री निवांत झोप लागते. फ्रान्समध्ये तर बोटाचा ठसा दिल्याशिवाय मशीन उघडत नाही. आपल्याकडेही जनगणनेच्या नमुना डेटासाठी जेएनयूत वर्कस्टेशन उभं केलं होतं. एएसआयसाठी तशी एक खोली मुंबई विद्यापीठात का नसावी? त्या कायद्यातली शेवटची अट अशाच खोलीने पुरी होईल.

मानसी_ऐरोली
काका, ब्लॉक ईचं कोणीच सांगितलं नव्हतं. पिनकोडचा नाद सोडला. एएसआयमधून कंत्राटी कामगारांचं प्रमाण घेते, आणि बायकांसाठी रबाळे-घणसोलीत स्वतः सर्वे करते. खोलीसाठी विभागाकडून अर्ज करून बघणार आहे. लेखी हमीचा मसुदा इथे टाकला तर बघाल का?

नौपाडा_निवृत्त
टाक. त्यात गाइडचीही सही हवी, आणि डेटा कोणत्या मशीनवर राहील, तिला कोण हात लावेल, काम संपल्यावर कोण पुसेल हे स्पष्ट लिही. तुझ्या सर्वेत बायका कंत्राटदाराचं नाव सांगतील, ते वेगळ्या वहीत ठेव, उत्तरांच्या शीटमध्ये नको.